जुनी गाडी आणि विक्रेत्याची पत



या सदराकडे येणाऱ्या पत्रांत अलीकडे एक प्रश्न वारंवार आढळतो. वापरलेली मोटार घ्यावयाची आहे. पण विक्रेता विश्वासू आहे हे ओळखावे कसे? पत्रे बहुधा चिंचवड, वाकड आणि हिंजवडी या पट्ट्यातली असतात. कोणाच्या मुलाला हिंजवडीच्या कंपनीत नोकरी लागलेली असते, कोणाला दुकानाच्या कामासाठी दुसरी गाडी हवी असते. नव्या गाडीवर दहा-बारा लाख गुंतविण्यापेक्षा चार-पाच लाखांत चांगली जुनी गाडी घ्यावी, हा विचार व्यापारी मनाला पटणारा आहे. पहिल्या काही वर्षांत मोटारीचे मूल्य सर्वाधिक वेगाने उतरते. ती घसरण दुसऱ्याच्या खिशातून जाऊ द्यावी, यात शहाणपणच आहे.

हिंजवडीच्या परिसरात असा माल मुबलक मिळतो, त्याला कारणे आहेत. औद्योगिक विकास महामंडळाच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये देशभरातून तरुण येतात. दोन-तीन वर्षांनी कोणी बंगळूरला जातो, कोणी हैदराबादला, कोणी परदेशी. जाण्यापूर्वी महिनाभरात गाडी विकावी लागते. दुसऱ्या बाजूला पिंपरीत टाटा मोटर्स, चाकणला महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीज यांचे कारखाने. तिथले अधिकारीही ठराविक वर्षांनी गाडी बदलतात. त्यामुळे एकहाती वापरलेल्या, नीट देखभाल झालेल्या गाड्या येथील बाजारात येत राहतात.

परंतु त्याच रांगेत इतर गाड्याही उभ्या असतात. कर्मचाऱ्यांची ने-आण करून दमलेली आणि नंतर खासगी नोंदणीत आणलेली गाडी असते. रोज तास-दीड तास वाहनांच्या कोंडीत रांगत गेलेली गाडी असते. तिचे किलोमीटर कमी दिसतात, पण क्लच झिजलेला असतो. पुरात बुडून पुन्हा चकचकीत केलेली गाडीही असते. २५ जुलै २०२४ रोजी पुण्यात सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले, २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली पाण्याखाली होते. बुडालेल्या गाड्या भंगारातच जातात असे नाही. धुऊन-पुसून त्या दुसऱ्या गावच्या बाजारात उभ्या राहू शकतात. बाहेरून पाहता या सर्व गाड्या सारख्याच दिसतात, आणि अडचणीचे मूळ तेथेच आहे.

या अडचणीचा शास्त्रशुद्ध विचार अर्थशास्त्रात झालेला आहे. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध प्रसिद्ध केला. तीन नियतकालिकांनी तो आधी नाकारला होता. पुढे २००१ मध्ये त्याच विचारधारेसाठी त्यांना, अन्य दोघांसमवेत, नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे म्हणणे सोपे आहे. गाडीचा खरा दोष विकणाऱ्याला ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. म्हणून घेणारा सर्वच गाड्यांना मध्यम भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, वाईट गाडीचा मालक आनंदाने विकतो. हळूहळू बाजारात खराब मालाचे प्रमाण वाढत जाते.

विशेष म्हणजे हा निबंध प्रसिद्ध होण्यापूर्वी, १९६७-६८ मध्ये, अकरलॉफ दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत होते, आणि निबंधात भारतातील उदाहरणे आहेत. बाजारातल्या तांदळात मुद्दाम मिसळलेले त्याच रंगाचे खडे निवडणारी गृहिणी त्यात आहे, गावातला सावकार आहे, आणि एकाच समाजातील व्यापाऱ्यांचा परस्परांवरील विश्वासही आहे. माल पारखता येत नाही तेव्हा बाजार माणसाच्या पतीवर चालतो, हे त्यांनी आपल्या पेठांकडे पाहूनही ताडले होते.

आपल्या वडीलधाऱ्यांना हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. हुंडीचा व्यवहार पतीवरच चालत असे. ती पत गोड बोलण्यावर उभी नव्हती. हुंडी नाकारली गेली तर ती बातमी पेठेपेठेत पोहोचे आणि त्या पेढीचा धंदा बसे. फसविणाऱ्याचे नुकसान फसलेल्यापेक्षा मोठे होते, म्हणून विश्वास टिकत असे. जुन्या मोटारीच्या विक्रेत्याची पारख करतानाही हीच कसोटी लावावी. तो किती नम्र आहे, चहा किती अगत्याने देतो, हे पाहू नये. तो कोणती जबाबदारी लेखी स्वीकारतो, आणि वचन मोडल्यास त्याचे काय जाते, हे पाहावे.

मालक की मध्यस्थ?

विक्रेत्याला पहिला प्रश्न गाडीविषयी विचारू नये. 'ही गाडी आज कोणाच्या ताब्यात आणि कोणाच्या जबाबदारीवर आहे?' हे आधी विचारावे. येथील आवारांत दोन प्रकारचे व्यवहार चालतात. काही विक्रेते गाडी स्वतः विकत घेऊन, दुरुस्त करून विकतात. काही केवळ मालकाची गाडी आवारात उभी करून दलाली घेतात. दलाली हा कमी प्रतीचा धंदा नव्हे. पण दलालाने मालकासारखी आश्वासने दिली तर त्यांना आधार नसतो. दोष निघाल्यावर तो मालकाकडे बोट दाखवितो, आणि मालक तोवर गाव सोडून गेलेला असतो.

या प्रश्नाला आता कायद्याचाही आधार आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिच्यानुसार नोंदणीकृत वाहनांची खरेदी-विक्री करणाऱ्या विक्रेत्याने परिवहन खात्याकडून प्राधिकारपत्र घ्यावयाचे असते. त्याची मुदत पाच वर्षांची. मालकाने गाडी विक्रेत्याच्या ताब्यात दिली की नमुना २९-सी भरून तशी सूचना परिवहन खात्याला द्यावयाची, आणि त्यानंतर त्या गाडीचा मानीव मालक तो विक्रेता ठरतो. आवारातली गाडी त्याने चाचणी, दुरुस्ती, प्रदर्शन अशा कामांखेरीज रस्त्यावर वापरू नये आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवावी, असेही बंधन आहे.

म्हणून प्राधिकारपत्र पाहावयास मागावे. ते दर्शनी भागी लावलेले असले तर उत्तम. 'आमच्याकडे कोणी मागत नाही' असे उत्तर आले, तर आपण मागणारे पहिले ठरावे. मोटार कंपन्यांनी चालविलेल्या साखळ्यांत, उदाहरणार्थ मारुतीच्या २००१ साली सुरू झालेल्या 'ट्रू व्हॅल्यू'मध्ये, किंवा मोठ्या ऑनलाइन कंपन्यांत भाव थोडा अधिक असतो. तो अधिक भाव म्हणजे मोठ्या नावाने स्वतःवर घेतलेल्या जोखमीची किंमत आहे. परंतु तेथेही हमीपत्र शब्दशः वाचावे. हमी इंजिन व गिअरबॉक्सपुरती आहे की वातानुकूलन आणि विजेच्या भागांनाही आहे? किती महिने, किती किलोमीटर? दुरुस्ती कोणत्या गावी मिळेल? स्वतंत्र विक्रेत्याने हेच प्रश्न स्वतःच्या पत्रावर लिहून दिले, तर तो मोठ्या नावाच्या विक्रेत्याइतकाच विश्वासास पात्र आहे.

कागद काय सांगतात

बँकेत कर्जप्रस्ताव तपासताना आम्ही गाडी पाहण्याआधी कागद पाहत असू. सामान्य ग्राहकानेही तोच क्रम ठेवावा. नोंदणी पुस्तिकेवरील इंजिन आणि चॅसीचे क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी स्वतः ताडून पाहावेत. 'वाहन' संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन ॲपवर नोंदणीची स्थिती, विम्याची आणि प्रदूषण प्रमाणपत्राची मुदत, बोजा आहे किंवा नाही, हे दिसते. राज्याच्या ई-चलान संकेतस्थळावर दंडाची बाकी कळते. गाडी चोरीस गेल्याची नोंद आहे का, याची चौकशी पोलिसांकडे करता येते.

बोजाच्या नोंदीकडे विशेष लक्ष द्यावे. एका प्रस्तावाचे स्मरण आहे. गाडी उत्तम, भाव योग्य, विक्रेता सज्जन दिसणारा. नोंदणी पुस्तिकेवर मात्र एका वित्तसंस्थेचे नाव होते. 'कर्ज केव्हाच फिटले आहे, ना-हरकत पत्र आठवड्यात येईल,' असे सांगण्यात आले. चौकशी केली तेव्हा पाच हप्ते थकलेले निघाले. ग्राहकाने तोवर अग्रिम दिलेला होता, आणि तो परत मिळविण्यास त्याला चार महिने लागले. यावरून एक नियम पक्का धरावा. वित्तसंस्थेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ हाती आल्याखेरीज मोठी रक्कम देऊ नये. या पत्राची मुदत बहुधा तीन महिन्यांची असते. जुनी तारीख असेल तर नवे पत्र मागावे. कर्ज बाकीच असेल तर ग्राहकाने रक्कम थेट त्या कर्जखात्यात भरावी आणि उरलेली विक्रेत्यास द्यावी. प्रामाणिक विक्रेता यास कधीही नकार देत नाही.

विम्याची प्रतही बोलकी असते. दावा न केलेल्या प्रत्येक वर्षासाठी विमेदारास हप्त्यात सूट मिळते. ती २० टक्क्यांपासून वाढत पाच वर्षांनंतर ५० टक्क्यांपर्यंत जाते. पाच वर्षांच्या गाडीच्या चालू विम्यात ही सूट शून्य दिसली, तर नुकताच दावा झाला असावा असे समजून अपघाताविषयी स्पष्ट विचारावे. सूट मोठी असली म्हणजे गाडी निर्दोष असे मात्र नव्हे, कारण ही सूट गाडीची नसून मालकाची असते. त्याने ती आधीच्या गाडीवरून आणलेली असू शकते. याच कारणाने ती नव्या मालकालाही मिळत नाही.

किलोमीटरचा आकडा मागे फिरविणे अवघड राहिलेले नाही. त्यावर उपाय म्हणजे अधिकृत कार्यशाळेतील सर्व्हिसच्या नोंदी. प्रत्येक नोंदीत तारीख आणि त्या दिवशीचे किलोमीटर असतात. आकडा ४०,००० दाखवितो आणि दोन वर्षांपूर्वीच्या नोंदीत ६२,००० लिहिले आहेत, असे दिसले तर पुढे बोलण्याचे कारण उरत नाही. गाडी कर्मचारी-वाहतुकीतून खासगी वापरात आणलेली असल्यास वाहनाचा वर्ग बदलल्याची नोंद सापडते.

तपासणीस हरकत कोणाची?

कागद जुळल्यावर गाडी पाहावी, आणि शक्यतो सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. आधीच तापवून ठेवलेल्या इंजिनात सुरू होतानाचे दोष लपतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाचे डाग पाहावेत. पायपुसण्यांखालील गालिचा उचलून पाहावा. स्टेपनीच्या खळग्यात गंज किंवा गाळ आहे का ते पाहावे. टायरच्या बाजूवरील शेवटच्या चार अंकांत त्याचा निर्मितीचा आठवडा आणि वर्ष असते. २०२१ च्या, २०,००० किलोमीटर चाललेल्या म्हणून दाखविलेल्या गाडीला २०२४ चे चारही टायर असतील, तर कारण विचारावे.

याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. आपला मेकॅनिक आणून गाडी तपासू, किंवा ती अधिकृत कार्यशाळेत नेऊन उचलून पाहू, असे म्हणावे आणि विक्रेत्याच्या उत्तराकडे लक्ष द्यावे. तपासणीचा खर्च आपण देतो, वेळ आपला जातो. तरीही त्याची हरकत असेल, 'दुसरे गिऱ्हाईक संध्याकाळी येणार आहे' अशी घाई असेल, तर गाडी चांगली असूनही तो विक्रेता आपल्यासाठी नव्हे. ज्याला आपल्या मालाची खात्री आहे त्याला तपासणीची भीती नसते, हे कापडाच्या आणि सोन्याच्या व्यवहारात वाढलेल्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.

पैसे आणि पावती

रक्कम पेढीच्या बँक खात्यात द्यावी. विक्री करणाऱ्या मुलाच्या मोबाइलवर नव्हे. दोन लाख रुपये किंवा अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे, तेव्हा 'रोख दिल्यास पंचवीस हजार कमी' हे आमिष मुळातच अयोग्य आहे. अग्रिमाच्या पावतीवर गाडीचा क्रमांक, ठरलेला भाव, आणि कागद न जुळल्यास अग्रिम किती दिवसांत परत, हे लिहून घ्यावे. पक्के बिल टाळणारा विक्रेता उद्या तक्रारीच्या वेळी आपल्याला ओळखही दाखविणार नाही.

ताबा घेतल्यावरही काम संपत नाही. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतरणाची नोंद करावयाची असते. त्यासाठी नमुना २९ आणि ३० आहेत. विम्याचा त्रयस्थ व्यक्तीपुरता भाग कायद्याने नव्या मालकाकडे येतो. परंतु स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई हवी असेल तर विमा कंपनीकडे १४ दिवसांत अर्ज करून नाव बदलून घ्यावे. हस्तांतरण पूर्ण होईपर्यंत लहानशी रक्कम राखून ठेवण्यास विक्रेता तयार असला, तर ती त्याच्या सचोटीची चांगली खूण समजावी.

विकतानाही हीच दक्षता

व्यापारी कुटुंबांत जुनी गाडी घेण्याइतकाच ती विकण्याचाही प्रसंग येतो, आणि त्यातली जोखीम अधिक मोठी आहे. पुष्कळजण कोऱ्या नमुना २९ आणि ३० वर सह्या करून गाडी विक्रेत्याच्या हवाली करतात आणि निश्चिंत होतात. कोऱ्या धनादेशावर सही करून तो बाजारात सोडण्यासारखेच हे आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या ६ फेब्रुवारी २०१८ च्या एका निकालाने हे स्पष्ट केले आहे. त्या खटल्यातील गाडी पहिल्या मालकाने २००७ मध्ये विकली होती. पुढे ती अनेक हातांतून गेली, पण नोंदणी त्याच्याच नावावर राहिली. मे २००९ मध्ये तिच्या अपघातात एकाचा मृत्यू झाला. न्यायालयाने सांगितले की मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने ज्याच्या नावावर नोंदणी तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच. अपघातग्रस्ताने एका खरेदीदाराकडून दुसऱ्याकडे मालक शोधत फिरावे, हे कायद्याला मान्य नाही. दोन वर्षांपूर्वी विकलेल्या गाडीसाठी भरपाईचा आदेश घरी येणे काय असते, याची कल्पना करावी. म्हणून विकताना प्राधिकारपत्र असलेल्या विक्रेत्यालाच गाडी द्यावी, नमुना २९-सी ची पोच घ्यावी, आणि नोंदणीत नाव बदललेले 'वाहन' संकेतस्थळावर स्वतः पाहावे.

पेढीच्या नावावरील गाडी विकताना वस्तू व सेवा कराचाही विचार करावा. जैसलमेर येथे डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या परिषदेच्या बैठकीनंतर जुन्या वाहनांवरील दर सरसकट १८ टक्के झाला. तो पूर्ण किमतीवर नसून नोंदणीकृत विक्रेत्याच्या नफ्यावर असतो. पेढीने घसारा घेतला असेल तर विक्रीची किंमत आणि घसाऱ्यानंतरचे मूल्य यांतील फरक धरावयाचा. मूल्य ४,००,००० आणि विक्री ४,८०,००० असल्यास ८०,००० वर १४,४०० रुपये. विक्री मूल्याहून कमी झाल्यास कर नाही. नोंदणी नसलेल्या व्यक्तीने स्वतःची गाडी विकल्यास हा कर लागत नाही. आपल्या परिस्थितीत नेमके काय लागू होते ते सनदी लेखापालास विचारून घ्यावे.

ओळखीचा विक्रेता

शेवटी एक नाजूक मुद्दा. 'आपल्याच समाजातला आहे, स्थानकात भेटतो, त्याला कागद काय मागायचे?' असे अनेकांना वाटते. ओळख हा विश्वासाचा आरंभ आहे. त्याचा पुरावा नव्हे. ओळखीच्या माणसाकडे कागद मागणे हा त्याचा अपमान नाही. उलट, कागद नीट असले तर गाडीत पुढे दोष निघाला तरी संबंध टिकतात. तोंडी व्यवहारात दोष निघाला की गाडी जाते आणि नातेही जाते.

याची दुसरी बाजू आपल्या घरातल्या विक्रीची आहे. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत केवळ चोरी येत नाही. चोरून आणलेली वस्तू घेणे आणि खोटा माल खरा म्हणून देणे, हेही येतात. किलोमीटर मागे फिरविलेली गाडी स्वस्तात मिळते म्हणून जाणूनबुजून घेणे, किंवा अपघात झाल्याचे न सांगता आपली गाडी विकणे, यांना व्यवहारचातुर्य म्हणता येणार नाही. आपण विकताना दोष सांगितला, तरच घेताना दोष विचारण्याचा अधिकार आपल्याला राहतो.

इतके करूनही फसवणूक झालीच, तर गप्प बसू नये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास तक्रारीचे शुल्क नाही. तेथे वकिलाच्या युक्तिवादाआधी पाहिली जाते ती पावती, हमीपत्र आणि बँकेची नोंद. म्हणून व्यवहार पूर्ण झाल्यावर हे सर्व कागद एका पाकिटात घालून गाडी आपल्याकडे आहे तोवर, आणि विकल्यानंतरही नोंदणीत नाव बदललेले दिसेपर्यंत, जपून ठेवावेत.